पहिली खेप

शेणव्याच्या नाक्यावर गाडीला नाव कंपनी देत नाही आणि मालकही देत नाही. नाव देते ती पहिली खेप. नवी गाडी गावात आली की तिच्या हौद्यात पहिल्यांदा जो माल पडेल त्या मालाचं नाव तिला चिकटतं, आणि एकदा चिकटलं की ती काळ्या दगडावरची रेघ. मालक बदला, रंग बदला, इंजिन उतरवून दुसरं चढवा, नाव हलत नाही. मनोजच्या चहाच्या टपरीसमोरून रोज सिमेंट घेऊन जाणारी पिकअप आहे, तिला सगळे 'कोंबडी' म्हणतात, कारण सहा वर्षांपूर्वी तिने पहिल्यांदा पोल्ट्रीची पिल्लं आणली होती. एक चारशेसात टेम्पो आहे, ती 'घोंगडी'. मुरबाडजवळच्या म्हशाच्या जत्रेतून घोंगड्या घेऊन ती गावात शिरली होती. आणि महिपतच्या गाडीचं तर विचारूच नका. त्याने मोठ्या हुशारीने पहिली खेप देवीच्या पालखीची ठरवली. गाडी धुतली, हार घातला, आणि देवळाकडे निघाला तर वाटेत मेव्हणा उभा. "दाजी, तिकडंच चाललाव ना, येवढं टाका मागं," म्हणून त्याने संडासचं नवंकोरं भांडं हौद्यात ठेवलं. महिपतने ठेवू दिलं. झालं! आज त्या गाडीच्या कपाळावर वीतभर अक्षरांत 'श्री गणेश कृपा' लिहिलेलं आहे, आणि गाडी वळणावर दिसली की अख्खा नाका म्हणतो, "भांडं आलं."

नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, दुसरं काय.

ही रीत कोणी काढली ते ठाऊक नाही, पण तिचा राखणदार धाऊ आजा. वय अठ्ठ्याहत्तर. तरुणपणी त्याने बैलगाडीतून गवताचे भारे वाहिले, डोळखांबच्या रानातून शहापूरच्या वखारीपर्यंत. तिथून गवत ट्रकमध्ये चढायचं आणि मुंबईच्या तबेल्यांकडे जायचं. वखारीवर देशोदेशीचे ड्रायव्हर यायचे. आजा बैलांना पाणी दाखवून त्यांच्यात जाऊन बसायचा आणि एकच गोष्ट विचारायचा: तुमच्याकडे याला काय म्हणतात? त्यात त्याला कळलं की आपण ज्याला ट्रक म्हणतो त्याला मद्रासकडचे लॉरी म्हणतात. आपल्या टेम्पोत माल असतो, पण वीटभट्टीवरच्या बिहारच्या भय्याच्या टेम्पोत माणसं बसतात. आपल्याकडे छकडा म्हणजे हलकी बैलगाडी, तर गुजरातच्या छकड्याला पुढे मोटरसायकलचं इंजिन लावलेलं असतं. टेम्पो हे मुळात एका जर्मन कंपनीचं नाव होतं, तिची तीनचाकी आली, तिच्या नाकावर ते नाव होतं, आणि लोकांनी तेच सगळ्या जातीला लावलं, हेही त्याला वखारीच्या दिवाणजीने सांगितलेलं. छोट्या हत्तीला, त्या चिमुकल्या चारचाकी टेम्पोला, कंपनीने दुसरंच काही नाव दिलं होतं, पण ते मालकालासुद्धा आठवत नाही.

एकदा मुरबाडच्या कॉलेजातले एक सर वही घेऊन आजाकडे आले होते. त्यांनीच आजाला सांगितलं की छकडा हा शब्द शकटावरून आला. कृष्णाने लहानपणी लाथ मारून उलथवला तो शकट. आजा आठ दिवस हवेत होता. "माझा छकडा किस्नाच्या टायमाचा," असं जो भेटेल त्याला सांगत सुटला. खटारा या शब्दाचं मात्र त्याला फार वाईट वाटायचं. खटारा म्हणजे ओझ्याची भक्कम गाडी, आणि लोकांनी मोडक्या गाडीला तो शब्द लावून चांगल्या शब्दाचं भंगार केलं, असं तो म्हणायचा. सरांनी शेवटी विचारलं, "आणि चारशेसात? हा आकडा कशाचा?" आजा म्हणाला, "ठावं नाय." सर म्हणाले, "अंदाजे काही?" आजाने मान हलवली. "अंदाज नाय. ठावं नाय तं ठावं नाय असंच लिवा. नावाच्या बाबतीत खोटं बोललं तं पुढची पोरं चुकीच्या रस्त्याला लागतील." सरांनी तसंच लिहिलं.

तर असा हा आजा. आणि त्याचा दुसरा हट्ट असा की माल वाहणाऱ्या गाडीत तो बसायचा नाही. यष्टीत बसायचा, कोणाच्या मोटरसायकलवर मागे बसायचा, पण पिकअप, टेम्पो, ट्रॅक्टरची ट्रॉली म्हटलं की पायी निघायचा. एका साली दिवाळी सरल्यावर त्याने डोळखांबकडची माणसं वीटभट्टीला जाताना पाहिली होती. ट्रकच्या हौद्यात खाली भांडीकुंडी, त्यावर कोंबड्या, त्यावर पोरं, त्यावर बाया. आणि मुकादम खाली उभा राहून ड्रायव्हरला सांगत होता, "माल भरला, चल." ते आजाच्या मनाला असं लागलं की तेव्हापासून त्याचं एकच वाक्य: "मालाच्या गाडीत बसला तो मानूस नाय ऱ्हायला, माल झाला." हे वाक्य नाक्यावरच्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ होतं. आणखी एक. मोटार चालवणाऱ्याला आजा कधी गाडीवान म्हणायचा नाही. तो डायवर. गाडीवान म्हणजे ज्याच्या हातात कासरा आणि मनात बैल, असं त्याचं म्हणणं.

या आजाच्या नातीने, प्रियांकाने, पाडव्याला छोटा हत्ती घेतला.

प्रियांका चोवीस वर्षांची. पाच वर्षं तिने ठाण्याला एका दुकानात काम केलं. त्या दुकानाच्या डिलिव्हरीच्या गाडीवर ती चालवायला शिकली, आणि मग तिच्या मनाने घेतलं की दुसऱ्याचा माल दुसऱ्याच्या गावात वाहण्यापेक्षा आपल्या गाडीत आपल्या गावचा वाहावा. बाप ज्ञानेश्वर कंपनीत शिफ्टला जायचा, तो काही बोलला नाही. आई देवकी महिनाभर रडली आणि गाडी आली त्या दिवशी सगळ्यात आधी केबिनमध्ये जाऊन बसली. केबिन खेपेत धरत नाहीत, त्यामुळे तिच्या बसण्याने काही बिघडलं नाही.

पहिली खेप ठरलेलीच होती. शेजारच्या सरस्वतीकाकूच्या कुणालीचं लग्न होतं, मुलगा मुरबाडचा. काकू आपणहून म्हणाली, "तुझी पयली खेप माझ्या कुणालीचं रुखवत. नवरीची गाडी म्हनतील तुझ्या गाडीला. वऱ्हाडाचं, देवाचं, पूजेचं सगळं सामान तुझ्याकडंच येल बघ." आणि ते खरंच होतं. शुभकार्याचा माल नाव बघून दिला जातो. संडासच्या भांड्यातून पूजेचं सामान कोण नेणार? महिपतच्या गाडीला आजवर विटा आणि वाळू यांपलीकडे काही मिळालं नव्हतं. प्रियांकाला विटा-वाळू नको होती. तिला गावच्या सुखदुःखातली गाडी चालवायची होती, आणि ते सगळं त्या एका खेपेवर ठरणार होतं.

पाडवा ते लग्न, मधले चार दिवस गाडी अंगणातल्या जांभळाखाली उभी. आजाने त्या चार दिवसांत तिची जी राखण केली, तशी त्याने भातशेतीचीही कधी केली नसेल. काठी घेऊन ओट्यावर बसायचा. पोरं दप्तर हौद्यात टाकायला आली की हाकलायचा. एकदा देवकीने वाळवायला पापडांचं सूप हौद्याच्या काठावर ठेवलं तर त्याने असा आवाज केला की शेजारी धावत आले. कोंबडी चढून बसली तेव्हा तर तो धोतर सावरत पळाला. "उतर, उतर! एक कोंबडी हाय नाक्यावर, दुसरी नको!" प्रियांका हसून हसून खाली बसली.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी ती खर्डीला निघाली. स्टेशनजवळच्या पेंटरकडून बाजूला गावाचं नाव आणि नंबर लिहून घ्यायचा होता. कपाळावरची पाटी कोरीच ठेवायची होती, नाव पडल्यावर लिहायला. नाक्यावर आजाने तिला थांबवलं. मनोजच्या टपरीवर पाच-सहा माणसं होती. आजाने चहाची बशी खाली ठेवली, हौद्याचा मागचा फाळका पाडला, आणि सगळ्यांना हौदा दाखवला. "बघून घ्या. कायी नाय. उद्या कोनी बोललं नाय पायजे." मग प्रियांकाकडे वळून म्हणाला, "वाटंत कोनी सुतळीचा तोडा दिला तरी घेऊ नको गो."

"नाय घेत, आजा," ती म्हणाली.

पेंटरचं काम दहाला आटपलं. तिने उद्यासाठी मोगऱ्याचा मोठा हार घेतला, केबिनमध्ये ठेवला, आणि गाडी वळवणार तोच एक माणूस समोर आला. अंगात कामावरचा शर्ट, पायात चप्पल नाही.

"ताई, गाडी रिकामी हाय?"

तो कमळू. डोळखांबच्या वरच्या पाड्याचा, खर्डीला एका बांधकामावर कामाला. त्याची सासू सावळी आठ दिवसांपूर्वी लेकीला भेटायला म्हणून त्यांच्याकडे आली होती, आणि आज पहाटे झोपेतच गेली. पाड्यावर न्यायची होती. म्हातारीचा नवरा, सासरा, सगळ्यांची माती तिथेच झालेली, आणि तिने लेकीकडून कबूल करून घेतलं होतं की मला परक्या गावात ठेवायचं नाही.

प्रियांकाने मागे वळून हौद्याकडे पाहिलं. मयत नेणं काही वाईट नाही. कोंबडीने नेलेलं आहे, घोंगडीने नेलेलं आहे, भांड्याने तर किती वेळा. गाडी धुतली, गोमूत्र शिंपडलं की झालं. पण त्या गाड्यांना नावं होती. तिच्या गाडीला अजून नव्हतं.

"थांबा जरा," ती म्हणाली आणि फोन लावायला लागली. कोंबडी भिवंडीला गेली होती. घोंगडी नाशिकच्या रस्त्याला होती. महिपतची गाडी गॅरेजमध्ये, क्लच उघडून ठेवलेला. लग्नसराईचे दिवस, खर्डीत होती ती दोन-तीन वाहनं मंडपाचे बांबू वाहत होती. चैत्राचं ऊन चढत होतं.

"नाय जमत काय?" कमळूने विचारलं. "बरं. आमी बघतो ताई." आणि तो वळून चालायला लागला. त्याने हात जोडले असते, पुण्य मिळेल म्हणाला असता, तर कदाचित प्रियांकाला नाही म्हणता आलं असतं. पण तो नुसता वळला, आणि तिला कळलं की हा माणूस आज सकाळपासून असाच वळत आला आहे.

ती त्याच्या मागोमाग गेली. खोलीच्या दारात, भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत, म्हातारी चादरीत गुंडाळून ठेवली होती. लेक, बाईजा, उशाशी बसलेली. सावली सरकत चालली होती आणि बाईजा आपला पदर आईच्या तोंडावर धरून बसली होती. कधीपासून धरला होता कोण जाणे.

"चला," प्रियांका म्हणाली.

उद्याचं रुखवत, काकूचं तोंड, आजाची बशी, सगळं तिच्या डोळ्यांपुढून गेलं. तिने फाळका पाडला. चौघांनी सावळीला उचलून हौद्यात ठेवलं. बाईजा आत चढली आणि आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. प्रियांका म्हणाली, "बाईजाताई, तुमी पुढं बसा. मागं लय ऊन हाय." बाईजाने मान हलवली. "नको. माल असता तं सोडला असता एकटा. आय हाय माझी." प्रियांकाने केबिनमधून मोगऱ्याचा हार काढला आणि म्हातारीच्या अंगावर घातला. मग केबिनमधली छत्री काढून तिने बाईजाला दिली.

डोळखांबला जायचं तर शेणव्याच्या नाक्यावरून जावं लागतं. आणि मयत घेऊन येणारी गाडी नाक्यावर लांबूनच कळते; ती हळू असते. टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. हात जोडले गेले. आजानेही टोपी काढली. मग त्याने गाडी पाहिली, स्टेरिंगवरची नात पाहिली. टोपी धरलेला हात तिथेच राहिला. प्रियांकाने समोर बघत गाडी चालवली. तिचे डोळे भरले होते, पण रस्ता चढाचा होता आणि मागे बाईजा बसली होती.

पाड्यावर सगळं रीतीने झालं. परतताना तिने पाड्याखालच्या ओढ्यावर गाडी धुतली, आतून, बाहेरून, दोनदा. बाईजाने निघताना तिचा हात हातात घेतला होता. त्या हाताचा घट्टपणा प्रियांकाला स्टेरिंगवरसुद्धा जाणवत राहिला. आपण चुकलो असं तिला वाटत नव्हतं. पण बरोबर केलं तरी नुकसान व्हायचं ते होतंच, आणि त्याचं तिला खूप रडू येत होतं.

चारच्या सुमाराला ती नाक्यावर आली तेव्हा तिथे भरलेली सभाच होती. आजा बाकावर, मनोज चुलीपाशी, महिपत उभा, आणि सरस्वतीकाकू पदराने डोळे पुसत. म्हणजे बातमी काकूच्या घरी पोचली होती. कोणीही रागावलेलं नव्हतं, हेच जास्त कठीण होतं.

"पुन्याचं काम केलंस, पोरी," काकू म्हणाली. "मी कायी बोलत नाय. मीपन तेच केलं असतं. पन उद्या मुरबाडला व्याह्यांच्या दारात रुखवत उतरंल आनि कोनी इचारलं, कोनाच्या गाडीतून आनलं, तं काय सांगू? मयताची गाडी? माझी एकुलती एक पोर हाय गो."

नाव काकूच्या तोंडून बाहेर पडलं होतं. प्रियांका खाली बघत उभी राहिली.

आजा खाकरला. "ऐका. मयत म्हंजे काय माल हाय? मानूस हाय ते. आपल्या डोळखांबचीच सावळी. मानसाची खेप धरत नाय. गाडी आजून कोरी हाय."

सगळ्यांना हायसं वाटलं. काकूने पदर खाली केला. मनोज तर ग्लास विसळायलाही लागला. पण महिपत पुढे आला. महिपत वाईट माणूस नव्हे. पण सात वर्षं ज्याला लोक 'भांडं' म्हणून हाक मारतात, त्याच्या पोटात काहीतरी साचलेलं असणारच.

"आजा, मोठ्यांच्या तोंडाला लागत नाय," तो म्हणाला. "पन माझ्या टायमाला मी म्हनलो व्हतो, भांडं मेव्हन्याचं हाय, मी फकस्त ठेवू दिलं. तुमी काय म्हनालाव? रीत ती रीत. मी गप बसलो. आनि दुसरं, मालाच्या गाडीत बसला तो मानूस नाय ऱ्हायला, माल झाला, हे कोनाचं वाक्य? माझं? मंग सावळी मानूस कशी धरायची? तुमच्या नातीसाठी येगळी रीत काय?"

आयुष्यभर सांगितलेलं वाक्य फिरून आजाच्याच पुढ्यात येऊन बसलं होतं. आजाने टोपी काढली, मांडीवर ठेवली, तिची घडी नीट केली. प्रियांकाने त्याच्याकडे पाहिलं आणि तिला वाटलं, हा आता म्हणणार, महिपतचं खरं हाय. कारण तो तसाच होता. चारशेसातचा आकडा ठाऊक नाही तर नाही म्हणणारा.

"महिपतचं खरं हाय," आजा म्हणाला. "रीत ती रीत. येगळी नाय. मानूस बसला की माल झाला, हेबी माझंच." तो थांबला. त्याने टोपी परत डोक्यावर घातली. "मंग सांगतो. आज सकाळी पोरगी खर्डीला निंगाली, तवा मी मागं बसलो व्हतो. हौद्यात. वड्याच्या पुलापोत गेलो आनि उतरलो. सावळीच्या आदी मी बसलो. पयला माल मी."

प्रियांकाचं तोंड उघडं राहिलं. सकाळी याच बाकावरून उठून, याच माणसांसमोर, फाळका पाडून त्याने रिकामा हौदा दाखवला होता. बशी खाली ठेवताना चहा सांडला होता, त्याचा डाग अजून बाकाखाली होता. आणि जो म्हातारा पन्नास वर्षं ट्रॉलीत पाय न ठेवता चिखलातून पायी गेला, तो म्हणत होता की मी हौद्यात बसलो. नावाच्या बाबतीत खोटं बोललं तर पुढची पोरं चुकीच्या रस्त्याला लागतील म्हणणारा म्हातारा. तो महिपतच्या डोळ्यांत सरळ बघत होता.

महिपतने तोंड उघडलं. त्याच्या आधी मनोज बोलला.

"व्हय," मनोज हातातला ग्लास पुसत म्हणाला. "मी पायलं ना. मी दूध घेऊन येत व्हतो, तं पुलावर आजा उतरत व्हता. टोपी पडली व्हती खाली, मीच उचलून दिली."

इतकं बारीक खोटं कोणी मागितलं नव्हतं. पण मनोज चहावाला, त्याला साखर जरा जास्तच घालायची सवय. सगळे आता महिपतकडे बघायला लागले. सकाळी महिपत स्वतः पहिल्या रांगेत उभा होता, हौद्यात वाकून त्याने बघितलंही होतं. आता तो बोलला की संपलं. त्याने आजाकडे पाहिलं, प्रियांकाच्या सुजलेल्या डोळ्यांकडे पाहिलं, रस्त्याच्या पलीकडे धुऊन निथळत उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. मान खाजवली.

"मंग आजाची गाडी म्हना की," तो म्हणाला. आणि चुलीकडे तोंड करून पुटपुटला, "माझ्या टायमाला साला एक म्हातारा नाय बसला."

हसू असं फुटलं की काकू रडता रडता हसायला लागली. तिने प्रियांकाच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. "आजाची गाडी! ह्याच्याहून चांगलं नाव कुठलं गो? सकाळी सातला रुखवत भरायचं हाय, लौकर ये." मनोज म्हणाला, पेंटरला फोन लाव. महिपतने स्वतः सगळ्यांचा चहा सांगितला.

संध्याकाळी घरी देवकीने नाचणीची भाकरी आणि सुक्या बोंबलाचं कालवण पुढे ठेवलं, पण आजाने अर्धी भाकरी तशीच ठेवली. प्रियांका त्याच्याजवळ जाऊन बसली.

"आजा, माझ्यापायी खोटं बोललास."

"बोललो."

"सगळ्यांना ठावं हाय तू नव्हता बसला."

"त्यांना ठावं हाय. पुढच्यांना नाय ठावं ऱ्हाणार." आजा पाटाच्या कडेवरून बोट फिरवत राहिला. "ते सर पुन्ना येतील वही घेऊन. इचारतील, ही आजाची गाडी कशी? काय सांगू मी त्यांना?"

प्रियांकाने त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. या माणसाने आपल्यासाठी काय सोडलं ते तिला नीट समजलं होतं. आजाने तिच्या केसांवर हात ठेवला आणि म्हणाला, "जा, नीज. उद्या मुरबाडचा रस्ता हाय."

सकाळी सहाला ती अंगणात आली, तर आजा गाडीपाशी उभा. धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी, एका हातात काठी, काखेत घडी केलेली घोंगडी.

"फाळका पाड," तो म्हणाला.

"कशाला?"

"वड्याच्या पुलापोत जायाचं हाय. सांगितलंय तेवढं तरी खरं व्हऊ दे. एक दिस उशिरा झालं, येवढंच."

"आजा, पुढं बस ना. केबिनमधी."

"केबिन धरत नाय."

तिने फाळका पाडला. आजाला चढायला जमेना, तेव्हा तिने आणि देवकीने दोन्ही बाजूंनी धरून त्याला वर घेतलं. त्याने घोंगडी पसरली, मांडी घातली, आणि एका हाताने हौद्याचा काठ धरला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा तो मालाच्या गाडीत बसला होता. प्रियांकाने गाडी इतकी हळू काढली की शेजारच्या कुत्र्याने बरोबरीने चालून दाखवलं. नाक्यावर टपरी अजून उघडायची होती. आरशात तिला आजाची पाठ दिसत होती, ताठ, आणि वाऱ्याने फुगलेला सदरा.

ओढ्याच्या पुलावर तिने गाडी थांबवली आणि उतरून मागे आली. आजा उतरायच्या तयारीत होता. तेवढ्यात पलीकडून सायकलच्या हँडलला दुधाच्या किटल्या अडकवून मनोज येताना दिसला. आजाने त्याला पाहिलं. मग दोन बोटांनी स्वतःची टोपी उचलली आणि हौद्याबाहेर हात काढून ती रस्त्यावर टाकली.

"आजा, काय करतोस?"

"मनोज्याचं पन खरं व्हऊ दे," आजा म्हणाला. "माझ्यापायी बोलला तो."

मनोजने सायकल स्टँडला लावली. टोपी उचलली, गुडघ्यावर दोनदा झटकली, आणि पुढे होऊन आजाच्या हातात दिली. किटल्या सांभाळत निघून गेला. थोडं पुढे गेल्यावर मात्र त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसलेले प्रियांकाने पाहिले.

तिने आजाला उतरवायला हात पुढे केला. आजाने टोपी डोक्यावर बसवली, इकडून तिकडून नीट केली, आणि उतरायच्या ऐवजी घोंगडीवर परत मांडी घालून बसला.

"फिरव गाडी," तो म्हणाला. "पोरीचं रुखवत खोळंबलंय. मीबी येतो मुरबाडला, सरांना सांगायचं हाय." मग त्याने हौद्याच्या काठावर थाप मारली, पूर्वी बैलाच्या पाठीवर मारायचा तशी. "चल गो गाडीवान, हाक."